चिंचेचं वजन

आमच्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात एक चिंच आहे. दोन पोरांनी दोन बाजूंनी कव घातली तरी बोटाला बोट टेकत नाही, एवढं खोड. सातवीला 'सजीवांतील पोषण' शिकवायला घेतलं की मी दरवर्षी वर्ग तिच्या सावलीत नेते. प्रकाशसंश्लेषण. कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, बाणाच्या वर सूर्यप्रकाश, बाणाच्या खाली हरितद्रव्य. पोरं वहीत उतरवतात, पाठ करतात, चाचणीत लिहितात. बाणसुद्धा पट्टीनं आखलेले असतात.

तीन वर्षांपूर्वी चाचणीचे पेपर वाटून झाले. गुण चांगले पडले होते, मी खुशीत होते. सहज चिंचेकडे बोट करून विचारलं, "हे एवढं लाकूड आलं कुठून रे?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मातीतनं."

आधी राग आला. मग शरम वाटली, कारण याच पोरांनी पंधरा दिवसांपूर्वी मला बरोबर समीकरण लिहून दिलं होतं आणि मी त्यावर लाल शाईनं 'छान' लिहिलं होतं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तोच प्रश्न टाकून बघितला. चहाचा कप खाली न ठेवता एक सर म्हणाले, "जमिनीतून. आणखी कुठून?"

पोरांचं काही चुकत नव्हतं. आमचा तासगाव तालुका, द्राक्षांचा. घरोघरी बोलणं जमिनीचंच. जमीन थकली, जमिनीला कस राहिला नाही, शेणखताच्या दोन ट्रॉल्या टाकल्या की वेल उठला. सबंध गाव पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट सांगतंय आणि मी एकटी खडूनं फळ्यावर दुसरी लिहितेय. कोण ऐकणार? तेव्हा एक विचार आला, काहीसा आडमुठा: माती काढूनच टाकली तर?

माती नसलेल्या शेतीचं, म्हणजे हायड्रोपोनिक्सचं, कौतुक मी ऐकून होते आणि मला त्याचा जरा कंटाळाच होता. एका ओळखीच्या शाळेत असा चकचकीत मनोरा आला होता. त्याचा पंप दुसऱ्या महिन्यात अडकला आणि मनोरा हेडमास्तरांच्या खोलीत ढाली-चषकांशेजारी जाऊन उभा राहिला. मला त्यातलं काही नको होतं. औषधाच्या दुकानातून थर्माकोलची दोन खोकी मागून आणली. झाकणाला आठ-आठ भोकं पाडली, त्यात बुडाला छिद्रं केलेले चहाचे कागदी कप बसवले, द्राक्षाच्या रोपवाटिकेतून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणलं. आत पाणी, वर पालक. पंप नाही, वीज नाही. ही बिनपंपाची रीत हवाई विद्यापीठातल्या क्रॅट्की नावाच्या प्राध्यापकांनी मांडली, ती आम्हाला परवडणारी होती.

पहिल्याच दिवशी शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, माती न्हाई तर ह्ये खाणार काय?"

"तूच सांग."

"खत घालावं लागंल."

म्हणजे आरोपी बदलला. माती सुटली, खत पकडलं गेलं. पाणी अजून बाहेर मोकळं फिरत होतं आणि हवेचा तर कुणाला संशयही नव्हता. मी मनाशी ठरवलं, यंदा उत्तर सांगायचं नाही. एकेकाला तराजूवर चढवायचं. गावातल्या सोनाराकडून दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा तेवढ्यासाठी विकत घेतला. सबंध प्रकल्पातली सगळ्यात महागडी वस्तू तीच.

खताच्या बाबतीत मी वर्गातली सगळ्यात अडाणी होते, हे कळायला आठवडा लागला नाही. मी दुकानातून एकोणीस-एकोणीस-एकोणीस आणलं. नत्र, स्फुरद, पालाश सारखं सारखं, म्हटलं हे बरं. रोपं दोन पानांची झाली, चार पानांची झाली आणि मग कोवळी पानं टोकाला करपून आत वळायला लागली. एका मुलाचे वडील बागेचं ठिबक बघतात. तो पाकीट हातात घेऊन वाचत बसला आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात कॅल्शियमच न्हाई की." नव्हतंच. आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं, ते मातीतले जिवाणू फोडून देतात. आमच्या स्वच्छ खोक्यात ते काम करायला कोण बसलं होतं? वनस्पतीला सतरा मूलद्रव्यं लागतात हे मी शिकवत आले होते. त्यातली कुठली पाकिटात आहेत आणि कुठली नाहीत हे बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

पोरांना मात्र ही भाषा तोंडपाठ होती. झिरो-बावन्न-चौतीस, तेरा-झिरो-पंचेचाळीस. हे आकडे त्यांनी पाढ्यांच्या आधी ऐकलेले. मी फक्त एवढंच सांगितलं की हे आकडे म्हणजे टक्के आहेत, शंभर ग्रॅममागे इतके ग्रॅम. मग दोन दिवस गणिताचा तास मी पळवला. हिशेब करून आमचं दहा लिटरचं जे माप ठरलं ते असं: कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, तेरा-झिरो-पंचेचाळीस ४ ग्रॅम, झिरो-बावन्न-चौतीस २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ५ ग्रॅम, वर चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्यं आणि चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रेणूच्या पकडीत धरलेलं लोह. सगळं मिळून २० ग्रॅमच्या आत-बाहेर. हा वीसाचा आकडा एका मुलीनं भिंतीवरच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. त्याचं काम पुढे पडणार होतं.

दुसरी फजिती तर रसायनशास्त्राचा धडाच झाली. रोज मोजत बसायला नको म्हणून शंभर लिटरचं खत एका लिटरच्या बाटलीत दाट करून ठेवू म्हटलं. सगळं एकत्र ओतलं. सकाळी बाटलीत तळाला चुन्यासारखा पांढरा गाळ. कॅल्शियम आणि सल्फेट दाट द्रावणात भेटले की जिप्सम होऊन खाली बसतात. फॉस्फेटशीही कॅल्शियमचं तेच. अवक्षेप हा शब्द मी आठवीत-नववीत किती वेळा उच्चारला असेन, पण बाटली हलवून हलवून हात दुखले तरी गाळ विरघळत नाही, तेव्हा तो शब्द हाताला कळतो. तेव्हापासून आमच्याकडे दोन बाटल्या. एकीत कॅल्शियम आणि लोह, दुसरीत बाकीचे. पोरं त्यांना भावकी म्हणतात. एका घरात नांदत नाहीत, पण मोठ्या पाण्यात पडल्या की काही तक्रार नाही.

तिसऱ्या आठवड्यात नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी म्हटलं नत्र कमी पडलं. द्राक्षबागायतदाराची एक अबोल मुलगी आहे, ती पहिल्यांदाच वर्गात आपणहून बोलली. "नत्र न्हाई मॅडम. नत्राचं खालचं पान पिवळं व्हतं. ह्ये वरचं हाय. फेरस हाय ह्ये."

"पण लोह घातलंय आपण."

"घातलं तरी लागू व्हत न्हाई. बोअरचं पाणी जड हाय."

मी दोन मिनिटं गप्प उभी राहिले. नत्र वनस्पतीच्या आत फिरू शकतं, म्हणून तुटवडा पडला की जुन्या पानातून काढून नव्याला दिलं जातं आणि खालचं पान पिवळं पडतं. लोह एकदा बसलं की हलत नाही, म्हणून उपास नव्या पानाला घडतो. हे मला पदवीला असताना शिकवलं होतं. तिला ते बागेत बापाच्या मागे पंप धरून चालताना समजलं होतं. आणि 'लागू होत नाही' या तीन शब्दांत पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी याचा, सगळा धडा होता. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच आठाकडे सरकलेला. तिथं साधं लोह गंजासारखं बाहेर पडतं, आणि आम्ही वापरलेलं ईडीटीएचं चिलेटही साडेसहाच्या पुढं त्याला नीट धरून ठेवू शकत नाही. चिलेट शब्द मुळात ग्रीकमधल्या नांगीवरून आला, हे सांगितलं तेव्हा ओढ्यात खेकडे धरणारी पोरं खूश झाली. मग लिंबू पिळून पीएच सहावर आणला. दोन दिवसांनी परत चढला, कारण लिंबातलं आम्ल पाण्यातले सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. बागायतदार ठिबकासाठी फॉस्फरिक ॲसिड वापरतात, ते मी हातमोजे घालून, पोरांना लांब उभं करून, ड्रॉपरनं घातलं.

आणि मुळं. झाकण उचलून मुळं बघायची हा पोरांचा सगळ्यात आवडता उद्योग झाला. मातीत कधी बघायला मिळत नाहीत ती. "पांढरी मुळी चाललीय का" हा आमच्या भागात बागेबद्दल विचारायचा पहिला प्रश्न, आणि इथं ती डोळ्यांसमोर चालत होती. पण एका खोक्यातली मुळी तपकिरी पडली. ज्याच्याकडे ते खोकं होतं त्यानं प्रेमापोटी रोज पाणी काठोकाठ भरलं होतं. क्रॅट्कीच्या रीतीत पाणी उतरू द्यायचं असतं. मधल्या दमट पोकळीत वरची मुळं श्वास घेतात, खालची पाणी पितात. मी विरघळलेला ऑक्सिजन वगैरे सुरू केलं, तर एक जण म्हणाला, "म्हंजे वाफसा पाहिजे." अगदी तेच. जमिनीत ओल असते आणि हवाही खेळत असते, त्या घडीला आपल्याकडे वाफसा म्हणतात. याला इंग्रजीत एक शब्द शोधून सापडत नाही. त्या पोकळीवर आम्ही खोक्याच्या आतून रेघ मारली आणि तिथं 'वाफसा' असं लिहून टाकलं.

आता वजनाकडे येते, कारण खरा खटला तो होता.

पाण्यावरचा संशय वाढत चालला होता. खोक्यात माती नाही, खत चिमूटभर, पाणी मात्र दर आठवड्याला ओतावं लागतंय. "पाण्यापासनंच झाड बनतंय मॅडम." मला हसू आवरेना. ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्टा फान हेल्माँटनं हेच म्हटलं होतं. त्यानं २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या आसपास, वाळवलेली माती कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांची वाळुंजाची फांदी लावली आणि पाच वर्षं फक्त पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घातलं. धूळ पडू नये म्हणून वर भोकं पाडलेला पत्रा. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांवर, म्हणजे ७६ किलोंच्याही वर. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट जेमतेम दोन औंसांची. पन्नास-साठ ग्रॅम. लाकूड, साल, मुळं सगळं पाण्यापासून झालं, असं त्यानं लिहून ठेवलं आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, निष्कर्षासकट, आणि तो चूक की बरोबर यावर चकार शब्द काढला नाही. पोरं जिंकल्यासारखी बसली होती. चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसानं त्यांच्या बाजूनं साक्ष दिली होती.

मग पुदिना आणला. १६९०च्या दशकात लंडनच्या जॉन वुडवर्डनं पुदिन्याच्याच जातीच्या काड्या पावसाच्या, टेम्स नदीच्या, हाइड पार्कमधल्या आणि बागेची माती घोळलेल्या पाण्यात वाढवून तोलल्या होत्या. आमच्याकडे टेम्सच्या जागी येरळा होती, पण तिला पाणी नव्हतं. म्हणून चार बाटल्या अशा: गावातल्या पाण्याच्या एटीएमचं आरओ पाणी, बोअरचं पाणी, मैदानातली माती घोळून गाळलेलं पाणी आणि आमचं खताचं पाणी. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं, नाहीतर शेवाळ धरतं. तीन आठवड्यांनी आरओच्या बाटलीतली काडी जिवंत होती, मुळं लांबच लांब, पानं फिकी. मातीच्या पाण्यातली तिच्यापेक्षा बरी. खताच्या पाण्यातली झुडूप. वुडवर्डचंही असंच काहीसं झालं होतं, पाणी जितकं गढूळ तितकी वाढ जास्त. म्हणजे नुसतं पाणी पुरत नाही. पण म्हणून वजन खताचं, असंही ठरत नाही. वर्गात तट पडले. मधल्या सुट्टीत भांडणं व्हायला लागली. इतकी वर्षं शिकवतेय, माझ्या विषयावरून भांडणं झालेली मी पहिल्यांदा ऐकली.

यात नवरात्र आलं. एका मुलीनं विचारलं की घटातलं धान पिवळं का येतं. देवघराच्या अंधारात वाढतं म्हणून, एवढं सगळ्यांनाच सुचलं. पण तिचा पुढचा प्रश्न माझी विकेट काढणारा होता: "उजेड नसताना अन्न तयार होत न्हाई, तर नऊ दिवसांत येवढं उंच कसं होतं?"

त्याचं उत्तर दिवाळीनंतर मक्यानं दिलं. दुष्काळी वर्षांत गोठ्यांत ट्रेमधला हिरवा चारा करायचे प्रयोग आपल्याकडे पुष्कळ झाले. मका भिजवायचा, ओल्या गोणपाटात मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरून दिवसातून चार-पाच वेळा पाणी फवारायचं, आठ-नऊ दिवसांत हिरवी सतरंजी. आम्ही मोजून एक किलो मका घेतला. नवव्या दिवशी सतरंजी पाच किलोंच्या वर भरली. दूध घालणाऱ्या घरची पोरं हिशेब करायला लागली, एका किलोचे पाच किलो, शंभर किलोचे पाचशे. मी म्हटलं, थांबा, वाळवू.

पत्र्यावर पसरलं. रोज तोलायचं, वजन हलायचं थांबेपर्यंत. ते पाच किलोंवरून उतरत चाललं, दोनवर आलं, एकावर आलं आणि थांबेना. शेवटी किलोच्या खाली जाऊन स्थिरावलं. जितका मका घातला होता त्याहून कमी.

वर्गात शांतता. "मॅडम, चोरी झाली." चोरी नव्हती. दाण्यात आईनं बांधून दिलेली शिदोरी असते. कोंब ती खाऊन उंच होतो, आणि खाणं म्हणजे थोडं जाळणंही. जळलेलं हवेत जातं. वाढलेलं सगळं पाणी. घटातलं धानही तसंच, उंच दिसतं पण नवीन काही कमावलेलं नसतं. एका मुलाच्या वडिलांनी हे ऐकून दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन माझ्याशी वाद घातला, कारण त्यांच्या म्हशीला हा चारा मानवला होता. मानवलाही असेल. कोवळा, पचायला हलका, हिरवा. माझं म्हणणं एवढंच होतं की पाचपट झालं म्हणू नका. ते पटलं नाही त्यांना. चहा पिऊन गेले.

पण त्या रिकाम्या होत जाणाऱ्या काट्यानं पोरांना एक सवय लावली. ओल्या वजनावर कुणी विश्वास ठेवेना. जानेवारीत पालकाचं नवं खोकं काढणीला आलं, तेव्हा मी काही बोलायच्या आधीच एकानं पत्रा आणून धुतला. मुळांसकट सगळी झाडं काट्यावर: ३९० ग्रॅम. वाळून वजन थांबलं तेव्हा ३४.

भिंतीवरच्या तक्त्यावर वीसाचा आकडा होता. त्या अबोल मुलीनं तो बघितला आणि वहीत वजाबाकी केली. घातलेलं खत सगळंच्या सगळं झाडात गेलं असं धरलं तरी वीस. चौतीस कसे आले? चौदा ग्रॅम कुठले? मागून कुणीतरी म्हणालं, सगळं गेलंच नाही, खोक्यातल्या पाण्यात अजून खत शिल्लक आहे, विरघळलेले क्षार मोजणारं ईसीचं मीटर दाखवतंय. "मग चौदाच्या वरच," ती म्हणाली. पाणी तर वाळवून उडवलेलं. माती नव्हतीच.

मी तेव्हाही बोलले नाही. बोलायची फार इच्छा होत होती. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडून जुनी लोखंडी कढई मागून आणली आणि मैदानात, त्या चिंचेखालीच, वाळलेला पालक जाळला. धुरानं डोळ्यांना धार लागली. मावशी लांबून बघत होत्या, चांगला पालक वाळवून जाळणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. राख थंड झाली, तोलली. सहा ग्रॅमच्या आसपास.

"बाकीचं?"

"धूर झाला." मग जरा वेळानं, "हवेत गेलं."

आणि त्यानंतर कोण बोललं ते मला खरंच आठवत नाही, एकदम तीन-चार आवाज आले, की हवेत गेलं म्हणजे हवेतनंच आलं असणार. कुणीतरी वर बघितलं. मग सगळ्यांनीच वर बघितलं, चिंचेकडे.

इथं एक कबुली द्यायला हवी, कारण हिशेब वाटतो तितका सरळ नाही. खतातलं नत्रही जळताना निघून जातं, तेव्हा उडालेलं सगळंच हवेतून आलेलं नव्हतं. आणि साखरेतला हायड्रोजन पाण्याचाच असतो, म्हणजे हेल्माँट अगदीच चुकला नव्हता. हे मी पुढच्या तासाला सांगितलं. सहा महिने मिळवलेल्या निकालावर लगेच पाणी ओतणं थोडं जिवावर आलं, पण सांगितलं.

हेल्माँटची उरलेली गोष्टही त्या तासाला सांगितली, ती मला सगळ्यात आवडते. 'गॅस' हा शब्दच त्यानं बनवलेला. त्यानं ६२ पौंड कोळसा जाळला, राख उरली एक पौंड, आणि उडालेल्या ६१ पौंडांना त्यानं रानटी वायू म्हटलं. म्हणजे लाकडातून एवढा वायू बाहेर पडतो हे ज्या माणसाला ठाऊक होतं, त्यालाच आपल्या कुंडीतल्या झाडात तो शिरला असेल असं सुचलं नाही. वही एकच, पानं दोन. पोरांना त्याची दया आली. मला माझ्या स्वतःच्या 'छान'ची आठवण झाली.

यथावकाश एका पोराचे आजोबा आले. धोतर, टोपी, हातात काठी. खोकी निरखून बघितली, मुळी बघून मान डोलावली, आणि म्हणाले, "मॅडम, सगळं खरं. पण माती काढून टाकली तर पोरं शेती काय शिकणार?"

हा माणूस बरोबर बोलत होता. १९३०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिकनं पाण्यावर पंचवीस फुटी टोमॅटोचे वेल चढवून जगाला थक्क केलं, हायड्रोपोनिक्स शब्द रूढ केला. पण त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ मध्ये मोजूनमापून सांगितलं की चांगल्या मातीपेक्षा यात मुळात जास्त पिकतं असं काही नाही. आपल्याकडेही शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास कालिंपाँगला स्वस्तातली बंगाल पद्धत बसवली, खडी-वाळूवर चालणारी. तिथंही बैल काही विकले गेले नाहीत.

म्हणून फेब्रुवारीत आम्ही उलटा प्रयोग केला. दोन बादल्या, एकीत नुसतं खताचं पाणी, दुसरीत मैदानातली काळी माती. दोन्हींत सारखंच लिंबू पिळलं आणि पीएच बघितला. पाण्याचा काटा धाडकन खाली. मातीचा जेमतेम हलला. आजोबांच्या नातवाला विचारलं, काय दिसतंय? तो म्हणाला, "माती पोटात घालती." रसायनशास्त्रात याला बफर म्हणतात. मी फळ्यावर बफर लिहिलं आणि शेजारी त्याचं वाक्यही. मातीला आम्ही वजनाच्या गुन्ह्यातून सोडवलं होतं, आता तिला नोकरी मिळाली. ती झाडाला उभं धरते, पाणी-खत साठवते आणि माणसाच्या चुका सावकाश लागू होऊ देते. आमच्या खोक्यात सकाळची चूक संध्याकाळी पानावर दिसायची, म्हणून तर शिकायला ते बरं होतं.

वार्षिक परीक्षेत 'वनस्पती अन्न कसे तयार करतात' यावर त्या अबोल मुलीनं समीकरण लिहिलंच नाही. ३९०, ३४, २०, ६ असे चार आकडे लिहिले आणि कढईची गोष्ट लिहिली. हरितद्रव्याचा उल्लेख नाही, बाण नाहीत. नमुना उत्तराशी ताडलं तर तीनपैकी एक गुण बसत होता. मी बराच वेळ लाल पेन हातात धरून बसले. तीन दिले. तिच्याशेजारी बसणाऱ्या मुलानं पट्टीनं बाण आखले होते, त्यालाही तीनच द्यावे लागले.

मार्चमध्ये उन्हानं आमचं कंबरडं मोडलं. व्हरांड्यातल्या खोक्यातलं पाणी ३३ अंशांवर गेलं. पाणी तापलं की ऑक्सिजन मावत नाही. २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम असतो, तिथं ३० ला साडेसातच्या आसपास उरतो, आणि गरम पाण्यातली मुळं श्वास मात्र जास्त घेतात. झाकण उघडलं की कुजका वास. मुळी बुळबुळीत. आठातली सहा झाडं गेली. मी म्हटलं, आवरा, आता जूनमध्ये बघू.

दुसऱ्या दिवशी तिघं जण एक जुना माठ घेऊन आले. त्यात पाणी गार राहतं तर झाडाचं का राहणार नाही, असा सरळ विचार. तोंडावर थर्माकोलचा तुकडा बसवला, त्यात दोन कप. पाणी खरोखरच २७ वर राहिलं. पालक तरला, जोमात नाही, पण तरला. मात्र आठवड्याभरात माठाच्या अंगावर बाहेरून पांढरी पुटं चढायला लागली. झिरपणारं पाणी उडून जात होतं आणि खत बाहेरच्या अंगावर राहत होतं.

शाळेचा शेवटचा दिवस होता. मी कपाटांना कुलपं लावत होते. व्हरांड्यात खरडल्यासारखा आवाज आला म्हणून बघायला गेले, तर दोघं माठाशी उकिडवी बसून पट्टीनं ते पांढरं खरवडून कागदावर गोळा करत होती. सोनाराचा काटा मी नुकताच कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

"मॅडम," एक जण मान वर न करता म्हणाला, "काटा काढा की जरा. खतातनं ह्ये वजा करायचं राहिलंय."